हवेवरची गाडी पुन्हा पोलादावर

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. तालुक्याच्या गावी हमरस्त्याला लागून एक गॅरेज आहे. एका सकाळी तेथे बरीच माणसे जमली होती. मी एस. टी.ची वाट पाहत उभा होतो. गर्दी दिसली म्हणून मीही डोकावलो. पाहतो तो एक मोठी, परदेशी बनावटीची जुनी मोटार बसकण मारलेल्या म्हशीसारखी जमिनीला टेकलेली! चाके शाबूत, टायरांत हवा भरपूर, पण गाडीचे पोट पार खाली आलेले. ड्रायव्हर बिचारा जो येईल त्याला सांगत होता, "रात्री चांगली उभी केली होती हो. सकाळी बघतो तर ही अशी."

शाळेला निघालेला एक मुलगा दप्तर सावरत म्हणाला, "टायर तर फुगलेले आहेत. मग हवा गेली ती कुठली?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. ह्या गाडीत हवा दोन ठिकाणी होती. एक टायरांत, जी आपल्याला ठाऊक आहे. आणि दुसरी टायर व गाडीचा सांगाडा यांच्या मधल्या रबरी पिशव्यांत. ह्या पिशव्या म्हणजेच त्या गाडीच्या स्प्रिंगा. रात्रीतून हवा गेली ती ह्या पिशव्यांतली.

मालक वैतागले होते. म्हणाले, "मिस्त्री, हे हवेचं लफडंच नको. सगळं काढून टाका आणि साध्या पोलादी स्प्रिंगा बसवा." मिस्त्रींनी गाडीखाली वाकून पाहिले, हात पुसले आणि शांतपणे म्हणाले, "बसवू की साहेब. पण आधी हवा कुठनं गेली ते बघू. आणि मग कोणती स्प्रिंग बसवायची ते ठरवू."

मिस्त्रींच्या ह्या दोन वाक्यांचा अर्थ उलगडून सांगावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

मुळात गाडीला स्प्रिंग हवीच कशाला? आपली जुनी बैलगाडी पाहा. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, आणि आसावर थेट साटा. चाक दगडावर चढले की साटा चढतो, साट्याबरोबर आपण चढतो, आणि चाक उतरले की आपण आदळतो. टांग्याला कमानी आल्या आणि हा आदळ कमी झाला. चाक वर गेले तर कमान दबते. धक्क्याचा जोर ती स्वतःत साठवून घेते आणि मग सावकाश परत देते. ट्रकच्या आणि एस. टी.च्या साध्या गाड्यांच्या खाली आपण एकावर एक रचलेले पोलादी पाटे पाहतो. तीही कमानच. आणि पोलादी सळई मळसूत्रासारखी गुंडाळून केली तर ती झाली कॉइल स्प्रिंग. खिशातल्या पेनात असते तीच, फक्त मोठी आणि दणकट.

स्प्रिंगचा नियम इंग्लंडातल्या रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६७८ साली ग्रंथात मांडला. नियम अगदी सोपा आहे. जेवढे वजन, तेवढा दाब. दुप्पट वजन ठेवा, स्प्रिंग दुप्पट दबेल. आता समजा, एका चाकावरच्या स्प्रिंगवर गाडीचा ४०० किलो भार आहे आणि ती स्प्रिंग दर २० किलोंना १ सेंटिमीटर दबते. म्हणजे गाडी नुसती उभी असताना ती २० सेंटिमीटर दबलेली असणार. हे आकडे लक्षात ठेवा. पुढे आपल्याला त्यांचे काम आहे.

गाडी मऊ चालते की कडक, हे कशावर ठरते? ते ह्या दबण्यावर ठरते. शिक्षक मंडळींना येथे वर्गात करून दाखवण्याजोगा एक सुंदर प्रयोग आहे. एका स्प्रिंगला वजन टांगा. ती जितकी ताणली गेली तितकी लांबी मोजा. आता तेवढ्याच लांबीचा एक लंबक करा, म्हणजे दोऱ्याला दगड बांधा. स्प्रिंगचे वजन खाली ओढून सोडा आणि शेजारी लंबकही हलकेच सोडा. दोघे बरोबरीने डोलतील! २५ सेंटिमीटर ताणलेली स्प्रिंग आणि २५ सेंटिमीटरचा लंबक, दोघांचे एक पूर्ण आंदोलन जवळजवळ १ सेकंदात होते. म्हणजे मिनिटाला ६० हेलकावे. आपल्या उदाहरणातली २० सेंटिमीटर दबलेली स्प्रिंग मिनिटाला सुमारे ६७ हेलकावे घेईल. माणसाच्या शरीराला मिनिटाला ६० ते ९० हेलकावे सोसतात. त्याहून जलद झाले की अंग खिळखिळे होते, आणि फार सावकाश झाले की पोटात ढवळते.

एक खुलासा येथेच करतो. स्प्रिंग धक्का घेते, पण हेलकावा थांबवत नाही. ते काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे, ज्याला गॅरेजात 'शॉकअप' म्हणतात. त्यात तेल भरलेले असते. ते बारीक छिद्रांतून इकडून तिकडे ढकलले जाते आणि हेलकाव्याचा जोर जिरवते. भार पेलणे स्प्रिंगचे काम आणि डोलणे आवरणे शॉकअपचे. दोघांची जोडी जुळलेली असावी लागते.

आता हवेकडे वळू. सायकलचा पंप घ्या, त्याच्या तोंडावर अंगठा घट्ट धरा आणि दट्ट्या दाबा. दट्ट्या थोडा आत जातो आणि सोडला की परत उसळतो. हीच हवेची स्प्रिंग. हवा निम्म्या जागेत कोंडली की तिचा दाब दुप्पट होतो, हे रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ साली दाखवून दिले. गाडीत पंपाऐवजी आत दोरे विणलेली जाड रबराची पिशवी असते. आपल्याकडचे कारागीर तिला 'बलून' म्हणतात. १० सेंटिमीटर व्यासाच्या बलूनवर ४०० किलो भार पेलायचा तर आत चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ किलो दाब लागतो. मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटीहून हा जास्त आहे.

पण नुसत्या बलूनने भागत नाही. त्याला हवा पुरवायला कॉम्प्रेसर लागतो. हवा साठवायला टाकी लागते. हवेतला ओलावा शोषून घेणारी डबी, हवा आत सोडणाऱ्या आणि बाहेर काढणाऱ्या झडपा, आणि त्या सगळ्यांना जोडणाऱ्या बारीक नळ्या लागतात. शिवाय गाडी किती उंचीवर उभी आहे हे सांगणारा एक दांडा प्रत्येक चाकाशी असतो. नव्या गाड्यांत हा दांडा एका विजेच्या पेटीला खबर देतो आणि ती पेटी झडपांना हुकूम सोडते.

एवढा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर बसमध्ये आहे. रिकामी बस आणि खच्चून भरलेली बस यांच्या वजनात काही टनांचा फरक पडतो. पोलादी पाटे भरलेल्या गाडीला पुरतील असे कडक केले, तर रिकामी गाडी घोड्यासारखी उधळते. ते रिकाम्या गाडीला मऊ ठेवले, तर भरलेली गाडी खाली टेकते. हवेत ही पंचाईत नाही. माणसे चढली, गाडी थोडी खचली, की दांडा हलतो, झडप उघडते, बलूनमध्ये जास्त हवा शिरते आणि गाडी पूर्वीच्या उंचीवर येते. आणि गंमत अशी की भार वाढला त्याच प्रमाणात दाब वाढतो, आणि दाब वाढला तशी हवेची स्प्रिंगही कडक होते. म्हणून गाडी रिकामी असो की भरलेली, हेलकाव्याची गती जवळजवळ तीच राहते. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९५३ सालापासून आपल्या लांब पल्ल्याच्या बसगाड्यांना अशा हवेच्या स्प्रिंगा दिल्या आणि त्या चांगल्या टिकल्या. आपल्याकडे मुंबई–पुणे मार्गावरच्या शिवनेरी गाड्यांतून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांनी हवेचे हे सुख अनुभवले आहे. मुंबईच्या नव्या लोकलगाड्यांच्या डब्यांखालीही हवेच्या स्प्रिंगा आहेत, आणि लोकलच्या डब्यात माणसे किती कमीजास्त होतात हे मी सांगायला नको!

मग खाजगी मोटारीत ही युक्ती का रुसली? तो इतिहास ऐकण्यासारखा आहे. १९५७ साली अमेरिकेत कॅडिलॅकची एल्डोराडो ब्रॉम ही अतिशय महागडी मोटार निघाली. तिला चारी चाकांवर हवेच्या स्प्रिंगा होत्या. पुढच्या वर्षी, म्हणजे १९५८ साली, जनरल मोटर्सने आपल्या साध्या शेव्हरोलेपासून सगळ्या गाड्यांना जादा पैसे घेऊन ही सोय देऊ केली. फोर्डनेही तसेच केले. जाहिराती झाल्या, लोक हरखले. पण थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. नळ्यांचे सांधे आणि झडपा गळत. हवेबरोबर आत गेलेला ओलावा थंडीत गोठे आणि वाटा बंद करी. रात्री डौलात उभी केलेली गाडी सकाळी खाली बसलेली सापडे. दोनतीन वर्षांत बहुतेक गाड्यांमधून ही सोय काढून टाकण्यात आली. ज्यांनी ती विकत घेतली होती, त्यांतल्या पुष्कळांनी बलून काढून साध्या कॉइल स्प्रिंगा बसवून घेतल्या. एल्डोराडो ब्रॉमचीही अनेकांनी तीच गत केली.

दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. इंग्लंडातली रेंज रोव्हर ही गाडी १९७० साली बाजारात आली तीच मुळी चारी चाकांवर कॉइल स्प्रिंगा घेऊन. शेतातून, खाचखळग्यांतून जाणाऱ्या गाड्यांना त्या काळी बहुधा पाटेच असत. ह्या लांब, मऊ स्प्रिंगांमुळे ही गाडी नांगरटीतूनही सुखाने जाई. पुढे १९९२ साली तिच्या एका लांब नमुन्याला हवेच्या स्प्रिंगा आल्या, आणि १९९४ साली निघालेल्या दुसऱ्या पिढीच्या गाडीला तर त्या सरसकट दिल्या गेल्या. बटण दाबले की गाडी चढायला सोपी व्हावी म्हणून खाली बसे आणि खडकाळ वाटेवर उंच होई. नवी असताना चैनच होती. पण वर्षे गेली, रबर म्हातारे झाले आणि गाड्या बसू लागल्या. त्या गाडीतली विजेची पेटी बिघाड झाला की ताशी ३५ मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरपलीकडे, जाऊ नका असा इशारा समोरच्या फलकावर झळकावी. तेव्हा अनेक मालकांनी बलून काढून कॉइल स्प्रिंगा बसवल्या. त्यासाठी स्प्रिंगा, त्यांच्या बैठका आणि इशाऱ्याचा दिवा शांत करण्याचे साहित्य असे तयार संचही विकत मिळू लागले. ज्या गाडीचा जन्मच कॉइलवर झाला, ती फिरून कॉइलवर आली.

पण थांबा. यावरून हवा वाईट आणि पोलाद चांगले, असा निष्कर्ष काढू नका. आधी मिस्त्रींच्या पहिल्या वाक्याकडे वळू. हवा कुठनं गेली?

ही तपासणी सायकलवाल्याच्या पंक्चर काढण्यासारखीच आहे. रात्री गाडी सपाट जागी उभी करावी. चारी चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतची उंची मोजून कागदावर लिहावी. सकाळी पुन्हा मोजावी. एकच कोपरा खाली आला असेल, तर दोष त्या कोपऱ्याच्या बलूनमध्ये किंवा नळीत. चारी कोपरे खाली आले असतील, तर बहुधा झडपांच्या ठोकळ्यात. मात्र काही गाड्या उभ्या असतानाही अधूनमधून जागे होऊन आपले चारी कोपरे सर्वांत खालच्या कोपऱ्याशी बरोबर करतात. तेथे एका बलूनच्या गळतीने सगळी गाडी बसते. म्हणून नंतर साबणाचे पाणी करून बलूनच्या घडीवर आणि नळ्यांच्या सांध्यांवर ब्रशने लावावे. बुडबुडा आला की चोर सापडला. पण बलूनजवळ हात घालण्याआधी गाडी भक्कम घोड्यांवर उभी केलेली असली पाहिजे, हे विसरू नये. पुष्कळदा एखादी दोन बोटांएवढी रबरी कडी बदलून काम भागते.

येथे बरेचजण फसतात. गळती असली की कॉम्प्रेसर सतत चालत राहतो, तापतो आणि जळतो. मग मालक नवा कॉम्प्रेसर बसवतात. गळती तशीच असते, म्हणून थोड्या दिवसांत तोही जळतो. फुटक्या रांजणात पाणी भरणारा माणूस दमला, म्हणून दुसरा माणूस लावावा, तशातला हा प्रकार. रांजण बुजवायचे कोणाच्या मनात येत नाही.

बरे, तपास झाला. बलून चिरले आहेत, कॉम्प्रेसर गेला आहे, ते दुरुस्त करणारे गॅरेज दोनशे किलोमीटर दूर आहे, आणि गाडीची किंमत दुरुस्तीच्या खर्चाला पुरत नाही. अशा वेळी पोलादी स्प्रिंगा बसवणे हा शहाणपणाचा मार्ग असू शकतो. मग मिस्त्रींचे दुसरे वाक्य येते. कोणती स्प्रिंग?

त्या दिवशी गॅरेजात एकाने सुचवले होते, "भंगारात जीपच्या स्प्रिंगा पडल्या आहेत, मापात बसतात, घाला की!" असे सल्ले फुकट मिळतात आणि महाग पडतात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन स्प्रिंगांत जमीनअस्मानाचा फरक असतो. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या सळईच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. सळई फक्त दहा टक्के जाड झाली तर स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक होते. तिच्या वेटोळ्याची रुंदी वाढली तर ती मऊ होते, आणि तीही घनाच्या प्रमाणात. कामाचे वेढे जितके जास्त तितकी ती मऊ.

यातूनच दुसरी चूक उघड होते. गाडी उंच वाटली की काही लोक स्प्रिंगचा एक वेढा कापतात. त्यांना वाटते, गाडी थोडी खाली येईल, एवढेच. पण आठ वेढ्यांचे सात झाले की तीच स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते आणि तिचा कापलेला शेंडा बैठकीत नीट बसत नाही. गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग बसवणारे महाभागही आहेत. पोलादाला पाणी देऊन आलेला कस त्या ज्योतीत निघून जातो. अशी स्प्रिंग केव्हा मोडेल, याचा नेम नाही. आणि ती मोडते ती बहुधा वेगात, खड्ड्यात आणि भरल्या गाडीत. तेव्हा स्प्रिंग त्याच गाडीच्या, त्याच नमुन्याच्या वजनासाठी बनवलेली असावी. एका आसाच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीची असावी. एका बाजूला बलून आणि दुसऱ्या बाजूला पोलाद, असे कधीही करू नये.

आता काम कसे होते ते थोडक्यात सांगतो. गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्यावी आणि चाकांना उटी लावावी. जॅकने सांगाडा उचलून भक्कम घोड्यांवर ठेवावा. नुसत्या जॅकवर, किंवा हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली, कोणीही शिरू नये. ही गोष्ट पुन्हा सांगतो, कारण ह्यात माणूस जातो. हवेच्या गाडीला आपण हात लावला नाही तरी ती आपली आपण खाली बसू शकते. पुढची पायरी म्हणजे नळ्यांतली आणि बलूनमधली हवा झडपेतून पूर्ण सोडणे. कोंडलेल्या हवेचा सांधा ओढून उघडला, तर कचरा गोळीसारखा डोळ्यात जातो. मग बलून काढावे, वरखाली नव्या बैठका बसवाव्यात आणि स्प्रिंगचा शेवटचा वेढा बैठकीच्या पायरीत बरोबर टेकवून स्प्रिंग जागेवर घ्यावी.

काही गाड्यांत बलून आणि शॉकअप वेगवेगळे असतात. तेथे काम सोपे. मी सांगितलेली १९९४ सालची रेंज रोव्हर त्यातली. काही नव्या गाड्यांत दोन्ही एकाच नळकांड्यात गुंफलेले असतात. तेथे सगळे नळकांडेच बदलावे लागते आणि स्प्रिंग दाबून बसवण्यासाठी स्वतंत्र हत्यार लागते. ते हत्यार नसेल तर कामाला हात घालू नका. आपल्या उदाहरणातली स्प्रिंग २० सेंटिमीटर दाबली, तर तिच्यात ४० किलोचे पोते एक मीटर उचलण्याइतकी शक्ती कोंडलेली असते. ती निसटली तर माणसाला ओळख दाखवत नाही.

बसवून झाले म्हणजे झाले, असे नाही. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर, तिच्या नेहमीच्या उंचीवर आल्यावरच पक्के आवळावेत. अधांतरी आवळले तर बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. ब्रेकच्या रबरी नळ्या चाक पूर्ण खाली लोंबले तरी ताणल्या जात नाहीत ना, हे पाहावे. गाडीची उंची बदलली की पुढच्या दिव्यांचा झोत बदलतो. तो नीट केला नाही, तर समोरच्याचे डोळे दिपतात. भार पाहून मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारी झडप काही गाड्यांत असते. तीही नव्या उंचीला जुळवून घ्यावी लागते. चाकांचे कोन तपासावेत. कॉम्प्रेसरची वीज रीतसर बंद करावी. विजेच्या पेटीचा इशारा नुसता दिव्याला पट्टी चिकटवून झाकू नये. त्याच दिव्यामागे उद्या दुसरा खरा बिघाड लपायचा. आणि काही शे किलोमीटर चालल्यावर उंची पुन्हा मोजावी, कारण नवी स्प्रिंग थोडी बसते.

आता नफातोटा. नफा उघड आहे. हवा नाही, म्हणून गळती नाही. कॉम्प्रेसर, झडपा आणि नळ्या गेल्या. पोलादी स्प्रिंग गंजापासून जपली तर वर्षानुवर्षे चालते, आणि गावातला कारागीर ती पाहून सांगू शकतो की ही ठीक आहे किंवा मोडली आहे.

तोटाही सांगितला पाहिजे. आपले जुने आकडे घ्या. मागच्या बाकावर तिघेजण बसले आणि डिकीत सामान भरले, असे मिळून २७० किलो झाले. मागच्या प्रत्येक स्प्रिंगवर १३५ किलो वाढले. २० किलोंना १ सेंटिमीटर, ह्या हिशेबाने गाडीची मागची बाजू पावणेसात सेंटिमीटर खाली जाईल. हवेची गाडी काही क्षणांत परत वर आली असती. पोलादाची येणार नाही. बरे, ३० किलोंना १ सेंटिमीटर दबणारी कडक स्प्रिंग घातली, तर खचणे साडेचार सेंटिमीटरवर येईल. पण रिकाम्या गाडीचे हेलकावे मिनिटाला ६७ वरून सुमारे ८२ होतील. म्हणजे एकटा माणूस बसला की गाडी जास्त हादरणार. काहीतरी सोडावे लागते. बटण दाबून उंच होणे, खाली बसणे, ही चैनही गेली. म्हणून ज्या गाडीचा भार सारखा बदलतो, किंवा जीत रोगी झोपवून न्यायचा असतो, तिच्यात हवा असेल तर ती शक्यतो राखावी आणि वेळच्या वेळी दुरुस्त करावी.

कायद्याचाही विचार हवा. आपल्या देशातला १९८८ चा मोटार वाहन कायदा, त्याचे ५२ वे कलम, सांगते की नोंदणीच्या दाखल्यातला तपशील कारखान्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. त्यामुळे आपण करणार असलेला बदल चालेल की नाही, हे आधी आर. टी. ओ. कचेरीत विचारावे आणि विमा उतरवणाऱ्यालाही लेखी कळवावे. अपघात झाल्यावर खुलासे देत बसण्यापेक्षा हे बरे.

मिस्त्रींनी त्या गाडीचे काय केले, ते सांगून थांबतो. साबणाचे पाणी लावल्यावर मागचे दोन्ही बलून घडीवर चिरलेले निघाले. कॉम्प्रेसर जळालेला होताच. मालकांनी पोलादाचाच निर्णय घेतला. पण भंगारातल्या स्प्रिंगा घालायला मिस्त्रींनी साफ नकार दिला. "साहेब, स्प्रिंग जागेवर बसेल हो. पण उद्या घाटात तुमची पोरंबाळं ह्या गाडीत बसणार आहेत," एवढेच ते बोलले. मालक काही क्षण गप्प राहिले. मग त्यांनी त्या गाडीसाठी बनवलेला पुरा संच मागवायला सांगितले. तो यायला बारा दिवस लागले. बारा दिवस गाडी गॅरेजात घोड्यांवर उभी होती आणि मालक एस. टी.ने फिरत होते.

दप्तरवाला तो मुलगा रोज येताजाता डोकावत होता म्हणे. शेवटच्या दिवशी मिस्त्रींनी त्याच्या हातात चिरलेला बलून दिला आणि म्हणाले, "ही बघ, तुझी हवा इथनं गेली." तो बलून आता त्यांच्या शाळेत विज्ञानाच्या कपाटात आहे. शिक्षक मंडळींना जमले तर त्यांनीही असा एखादा जुना बलून आणि एखादी मोडकी स्प्रिंग गॅरेजातून मागून आणावी. हूक आणि बॉइल हे दोघेही मुलांना हाताने चाचपता येतील.